नरखेडच्या पावत्यांना मृगाचा भाव: हिशोबाच्या फाइलमधली एक चूक आणि ती शोधायच्या दोन तऱ्हा

पार्श्वभूमी

नागपुरात कळमना बाजाराजवळ कार्यालय असलेली एक खासगी कंपनी काटोल, सावनेर आणि नरखेड या तीन केंद्रांवर शेतकऱ्यांकडून थेट संत्री घेते. ओळख लपवण्यासाठी माणसांची नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. चूक मात्र जशी होती तशीच मांडली आहे. हंगाम संपल्यावर कंपनीने मला हिशोबाची पद्धत तपासायला बोलावलं, तेव्हा सगळ्यांशी स्वतंत्रपणे बोलून हे लिहिलं.

हिशोबाची रीत साधी आहे. केंद्रावर काटा होतो, प्रतवारी होते, मोठा माल, मध्यम आणि चुरी (बारीक फळं) यांचं वजन पावतीवर चढतं. भाव दर काही दिवसांनी बदलतो, म्हणून एक्सेलमध्ये भावाचा वेगळा तक्ता आहे: कोणत्या तारखेपासून कोणत्या प्रतीला काय भाव. पावतीच्या तारखेवरून व्हीलुकअप हे सूत्र त्या तक्त्यातला लागू भाव उचलतो, त्यातून हमाली-तोलाई वजा होते आणि आठवड्याची यादी बँकेत जाते.

हे काम करणारी माणसं दोन. अनेक वर्षं हिशोब सांभाळणाऱ्या लेखापाल, ज्यांना सगळे ताई म्हणतात. आणि दोन वर्षांपूर्वी लागलेला, अभियांत्रिकी शिकलेला तरुण, ज्याला सगळे इंजिनिअर म्हणतात. आधीच्या हंगामापर्यंत ताई तिन्ही केंद्रांच्या सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) फाइल एकेक करून उघडत आणि मजकूर मुख्य फाइलमध्ये चिकटवत. यंदा आंबिया बहार, म्हणजे ऑक्टोबरपासून उतरणारं पीक, सुरू होताना इंजिनिअरने त्यासाठी मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, लिहिला. एक बटण दाबलं की तिन्ही फाइल उघडून, जोडून, यादी तयार. ताईंचा अर्धा दिवस वाचला आणि त्यांनी तो मॅक्रो मनापासून स्वीकारला. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर कुणीतरी 'ताईंना मॅक्रो नकोच होता' असं म्हणालं आणि ते खरं नाही.

अडचण

१ ते ७ नोव्हेंबरच्या पावत्यांचे पैसे जमा झाले आणि नरखेडहून फोन सुरू झाले. चुरी जास्त असलेल्या शेतकऱ्यांना अपेक्षेपेक्षा कमी पैसे मिळाले होते. दिवाळी तोंडावर आलेली, मजुरांचे पैसे द्यायचे. लोक चिडले होते.

व्यवस्थापकांनी आठवड्याची एकूण रक्कम पाहिली. एकूण वजनाच्या मानाने ती जवळजवळ बरोबर होती. काटोल आणि सावनेरहून एकही तक्रार नव्हती. म्हणून पहिला निष्कर्ष असा निघाला की नरखेडच्या केंद्रावर प्रतवारीत गडबड आहे.

प्रत्यक्षात नरखेडच्या काही शेतकऱ्यांना जास्तही पैसे गेले होते. ज्यांचा माल मोठा होता त्यांचा फायदा झाला, चुरीवाल्यांचा तोटा, आणि दोन्ही मिळून बेरीज सावरली गेली. जास्त मिळालेल्यांनी फोन केला नाही. चूक दोन्ही बाजूंना होत असेल तर तक्रारी तिचं निम्मंच रूप दाखवतात, आणि बेरीज तेवढंही दाखवत नाही.

पहिला निर्णय: फाइल कुणाकडे

व्यवस्थापकांनी फाइल इंजिनिअरकडे दिली आणि ताईंना शेतकऱ्यांचे फोन घ्यायला सांगितलं. मॅक्रो त्याचा, म्हणून दुरुस्तीही त्याची. वरवर हे बरोबरच दिसतं. पण या वाटणीत एक गोष्ट हरवली. भाव, बहार, केंद्रं आणि माणसं यांची सगळी आठवण ताईंकडे होती आणि त्यांना फाइलपासून दूर ठेवलं गेलं.

इंजिनिअर लगेच भिडला. व्हीलुकअपचा पट्टा डॉलर चिन्हांनी बांधला आहे का पाहिलं, सूत्र खालपर्यंत पुन्हा ओढलं, तक्त्याचा क्रम पुन्हा लावला, मॅक्रो परत चालवला. मग नरखेडची मूळ फाइल दोनदा टिचकी मारून उघडली. तारखा बरोबर, वजनं बरोबर. "डेटा क्लिअर आहे," त्याने सांगितलं.

ताईंनी फोन घेता घेता वेगळंच सुरू केलं. तक्रार आलेल्या पावत्यांच्या छापील प्रती काढल्या, मिळालेल्या रकमेत वजावट परत मिळवली, वजनाने भागलं आणि लागलेला भाव कागदावर काढला. ३ नोव्हेंबरच्या पावतीवर चुरीला जो भाव निघाला तो त्यांना ओळखीचा वाटला. मार्चमध्ये मृग बहाराला, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात उतरणाऱ्या पिकाला, हाच भाव दिला होता. तेव्हा मोठ्या फळाला भाव चढा होता आणि चुरीला पडता.

त्या इंजिनिअरकडे गेल्या. "अरे, याले मृगाचा भाव लागून राहिला. काऊन?" त्याने तक्ता उघडून दाखवला: नोव्हेंबरची ओळ आहे, भाव बरोबर आहे. ताई परत जागेवर आल्या. नंतर त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच काही चुकत असेल. कॉम्प्युटरातलं मला तेवढं समजत नाही." खरं तर त्या क्षणी चुकीचा सगळ्यात मोठा धागा त्यांच्याच हातात होता, आणि 'तेवढं समजत नाही' या एका वाक्यापायी त्यांनी तो खाली ठेवला.

दुसरा निर्णय: जुन्या ओळी काढून टाकणं

इंजिनिअरने ताईंचं म्हणणं अगदीच सोडून दिलं नाही. मृगाचा भाव लागत असेल तर मृगाच्या ओळीच नकोत, असा त्याने विचार केला आणि तक्त्यातून १ ऑक्टोबरच्या आधीच्या सगळ्या ओळी पुसल्या. फाइलची प्रत ठेवली नाही. मॅक्रो पुन्हा चालवला, मृगाचा भाव गायब झाला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलं.

या प्रकरणातली सर्वात महाग कृती मला हीच वाटते. लक्षण गेलं, कारण जागेवरच राहिलं आणि कारणाकडे नेणारी खूणही पुसली गेली. भरीला सूत्रावर इफएरर चढवलेला होता: भाव सापडला नाही तर हंगामाचा किमान ठरलेला भाव लावायचा, म्हणजे छापील यादीत चुकीच्या खुणा दिसायला नकोत. त्यामुळे आता नरखेडच्या बहुतेक पावत्यांना निमूटपणे किमान भाव लागू लागला.

८ ते १४ नोव्हेंबरची यादी छापून ताईंच्या सहीसाठी आली. बँकेत फाइल जाण्याआधी त्यांची सही लागते.

पर्याय

ताईंनी सही केली नाही. इथून पुढे कार्यालयात तासभर जी चर्चा झाली तिच्यात चार वाटा समोर आल्या.

यादी तशीच पाठवायची आणि फरक पुढच्या आठवड्यात द्यायचा, हे व्यवस्थापकांचं म्हणणं. दिवाळीत काहीतरी हातात पडेल, हा त्यामागचा विचार प्रामाणिक होता. दुसरी वाट मॅक्रो बाजूला ठेवून जुन्या हाताच्या पद्धतीने यादी करायची. ती सुरक्षित होती. पण तिन्ही केंद्रांची चढलेली आवक पाहता रात्र गेली असती आणि चूक कुठे आहे ते कळलंच नसतं. तिसरी, बाहेरून माणूस बोलवायचा. चौथी ताईंची: काटोल आणि सावनेरचे पैसे आज सोडा, नरखेडचे एक दिवस थांबवा, आणि आम्हा दोघांना एकत्र बसू द्या.

चौथी वाट निवडली गेली. तिचं मोल यात होतं की ज्यांचा हिशोब बरोबर होता त्यांची दिवाळी अडली नाही, आणि शोधाची जागा एका केंद्रापुरती लहान झाली.

काय केलं

ताईंनी आधी फाइलला हात लावू दिला नाही. कागदावर तारखांची उभी ओळ लिहिली आणि प्रत्येकीसमोर लागलेला भाव मांडला. ८ आणि ९ तारखेला किमान भाव. १० ला ऑक्टोबरमधला भाव. ११ ला बरोबर. १२ लाही बरोबर. १३ पासून पुन्हा किमान.

"अकरालेच कसं काय बरोबर?" हा त्यांचा प्रश्न. सगळं प्रकरण या प्रश्नाने फिरलं.

११/११ हा आकडा कसाही वाचला तरी ११ नोव्हेंबरच राहतो. इंजिनिअरच्या ते लगेच लक्षात आलं. ८/११ म्हणजे ऑगस्टची ११ तारीख म्हणून वाचली जात असेल तर? ऑगस्ट तक्त्याच्या पहिल्या ओळीच्या आधी येतो, म्हणून भाव सापडत नाही आणि किमान भाव लागतो. १०/११ म्हणजे ११ ऑक्टोबर, म्हणून ऑक्टोबरचा भाव. १२/११ म्हणजे ११ डिसेंबर. ती तारीख पुढची असल्याने तक्त्यातली शेवटची ओळ उचलली जाते आणि तीच चालू भावाची होती, म्हणून तो भाव नशिबाने बरोबर. १३ पासून तेरावा महिना नाही, म्हणून एक्सेलने ती तारीखच मानली नाही, नुसता मजकूर समजला. आणि आठवडाभर आधीचा मृगाचा भावही उलगडला: ३/११ म्हणजे ११ मार्च.

तारखेचा स्तंभ छपाईत जागा मिळावी म्हणून लपवलेला होता. तो उघडला, त्याचा फॉरमॅट 'जनरल' केला. एक्सेल तारीख आतमध्ये १ जानेवारी १९०० पासून मोजलेल्या अनुक्रमांकाच्या रूपात ठेवतं, त्यामुळे खऱ्या तारखांचे आकडे झाले. १३ पासूनच्या पावत्यांच्या तारखा मात्र तशाच, डाव्या कडेला चिकटून राहिल्या. मजकूर डावीकडे बसतो, आकडा उजवीकडे.

प्रश्न एवढाच उरला की हीच फाइल हाताने उघडली तर तारखा बरोबर का दिसतात. इथे इंजिनिअरचं कौशल्य कामी आलं. तो शेवटच्या रकमेपासून मागे मागे गेला: रक्कम, भाव, तारीख, जोडलेला मजकूर, आणि मग एफ८ दाबत मॅक्रोची एकेक ओळ. सीएसव्ही उघडणाऱ्या ओळीवर तारखा उलटताना त्यांना डोळ्यांदेखत दिसल्या. हाताने फाइल उघडली की एक्सेल विंडोजमधली आपली प्रादेशिक मांडणी वापरतं, दिवस आधी आणि महिना नंतर. मॅक्रोतल्या वर्कबुक्स ओपन आज्ञेला 'लोकल' हा पर्याय खरा (ट्रू) म्हणून सांगितला नाही, तर ती अमेरिकी पद्धतीने, महिना आधी धरून वाचते. काटोल आणि सावनेरच्या काट्याचं सॉफ्टवेअर महिन्याचं नाव अक्षरांत लिहित होतं, म्हणून ती केंद्रं या चुकीतून सुटली. नरखेडचं तिरक्या रेघांनी आकडे लिहित होतं.

पुढची पडताळणी नरखेडच्या काट्यावरच्या मुलामुळे सोपी झाली. तो प्रत्येक पावती वहीत हाताने उतरवतो आणि दिवसाअखेर बेरीज मारतो. कुणी सांगितलं म्हणून नाही, त्याला तसंच बरं वाटतं. त्याने फोनवर तारखेनिहाय पावत्यांची संख्या आणि वजन वाचून दाखवलं, ताईंनी दुरुस्त यादीशी ताडून पाहिलं, आणि नरखेडचे पैसे दुसऱ्या दिवशी गेले.

संशोधन काय सांगतं, आणि काय सांगत नाही

अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात मार्गारेट बर्नेट, लॉरा बेकविथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं. व्यावसायिक प्रोग्रामर नसलेल्या स्त्री-पुरुषांना चुका पेरलेल्या स्प्रेडशीट दिल्या आणि ते त्या कशा शोधतात हे पाहिलं. २००५ च्या अभ्यासात स्त्रियांचा स्वतःच्या क्षमतेवरचा भरवसा कमी आढळला, आणि ज्यांचा भरवसा कमी त्या चुका शोधायच्या नव्या सोयी कमी वापरत होत्या. पेरलेल्या चुका दुरुस्त करण्यात मात्र स्त्री-पुरुषांत फरक नव्हता. माणूस एखादं काम आपल्याला जमेल असं किती धरतो, त्यावर तो किती वेळ टिकून राहतो हे ठरतं, ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना त्यामागे आहे.

२००६ मध्ये त्यांनी खुडबुड करून पाहण्याच्या सवयीकडे लक्ष दिलं. पुरुष अशी खुडबुड जास्त करत होते, पण ती त्यांना दरवेळी उपयोगी पडत नव्हती. खुडबुडीनंतर थोडं थांबणं फायद्याचं ठरत होतं. आपल्या इंजिनिअरच्या त्या पहिल्या दोन दिवसांत थांबणं नव्हतंच. २००८ च्या अभ्यासात पुरुषांचं यश आकडा कुठून कुठे वाहत जातो हे माग काढत जाण्याशी जोडलेलं आढळलं, तर स्त्रियांचं यश सूत्रं नीट वाचून पाहण्याशी. पुढे याच गटाने मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल या आज्ञा-भाषेत स्क्रिप्ट दुरुस्त करणाऱ्यांच्याही रीती तपासल्या.

मला हे संशोधन मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच ते जपून वापरावं असंही वाटतं. हे सरासरीचं बोलणं आहे. कळमन्याच्या या कार्यालयात ताईंची रीत आणि इंजिनिअरची रीत त्या सरासरीशी जुळली, पण सगळ्यात सावकाश, सगळं लिहून काढून, पूर्ण चित्र पाहिल्याशिवाय पुढे न जाणारा माणूस होता नरखेडचा काट्यावरचा मुलगा. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी कर्ज आणि विकासदराबद्दल मांडलेल्या गाजलेल्या निष्कर्षातली एक्सेलची चूक २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाइल मागवून, सूत्र वाचूनच दाखवली. सरासरीत पाच देश सुटले होते. सूत्र वाचणारा हर्नडनही पुरुषच. रीत माणसाची असते. स्त्री-पुरुष हा भेद जिथे खरोखर चावतो ती जागा वेगळी आहे: कुणाची शंका ऐकली जाते, आणि कुणाला स्वतःचीच शंका खरी वाटत नाही.

ओरेगनच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेली जेंडरमॅग ही तपासणीची पद्धतही माणसांऐवजी सॉफ्टवेअरला प्रश्न विचारते. ही सोय फक्त धाडसाने बटणं दाबणाऱ्यालाच सापडते का? सावधपणे, आधी सगळी माहिती गोळा करून चालणाऱ्याला ती वाट दाखवते का? आपल्या फाइलला हेच प्रश्न विचारले तर उत्तर स्पष्ट आहे. लपवलेला तारखेचा स्तंभ आणि चूक झाकणारा इफएरर यांनी सावध माणसाच्या हातातली दोन्ही साधनं काढून घेतली होती.

परिणाम

कमी पैसे मिळालेल्यांचा फरक जमा झाला. जास्त गेलेल्या रकमेबाबत, ज्यांचा माल अजून यायचा होता त्यांना आधी फोन करून, त्यांच्या संमतीने ती पुढच्या पट्टीत, म्हणजे पुढच्या मालाच्या हिशोबात, वळती केली. बाकीची कंपनीने सोसली.

मॅक्रोत 'लोकल'चा पर्याय घातला, पण त्यावर विसंबून राहिले नाहीत. उद्या दुसऱ्या मांडणीचा लॅपटॉप आला तर तीच चूक परत येईल. म्हणून आता तिन्ही केंद्रं वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहितात आणि मॅक्रो ती मजकूर म्हणून वाचून तुकड्यांतून तारीख बनवतो. इफएरर काढला, भाव सापडला नाही तर पेशी (सेल) लाल होते आणि यादी छापलीच जात नाही. पहिल्या पानावर प्रत्येक केंद्राची सर्वात जुनी आणि सर्वात नवी तारीख, तारखेनिहाय पावत्यांची संख्या आणि काट्यावरची संख्या शेजारी शेजारी येते. कोणताही बदल करण्याआधी प्रत ठेवायची आणि काय बदललं, का बदललं ते एका वेगळ्या पानावर लिहायचं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तक्रारीला व्यवस्थापकांनी दोघांना एकत्र बसवलं असतं तर मृगाचा भाव आणि उलटलेली तारीख यांची गाठ बहुधा त्याच दिवशी पडली असती. एकूण बेरजेऐवजी नरखेडच्या कोणत्याही पाच पावत्या हाताने सोडवून पाहिल्या असत्या, तरी पुरलं असतं.

इंजिनिअरला चूक म्हणावी अशी एकच गोष्ट मी दाखवली: ताईंनी 'मृगाचा भाव लागतोय' म्हटल्यावर त्याने तक्ता बरोबर आहे हे सिद्ध केलं, त्यांचं निरीक्षण खोटं आहे हे नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं हे त्याने मान्य केलं आणि मनावरही घेतलं. ताईंनाही मी सांगितलं की "मला समजत नाही" याऐवजी कागद पुढे ठेवून "हा भाव कुठून आला ते दाखव" म्हणायचं. त्या हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं.

यानंतर कंपनीने ताईंना सगळ्या याद्यांची उलटतपासणी कायमची दिली. मला हे पटलं नाही आणि तसं मी लिहून दिलं. एका बाईने एक चूक पकडली म्हणून तपासणीचं, न दिसणारं, वाढीव काम तिच्या नावावर चढवायचं आणि मॅक्रो लिहिण्याचं शिक्षण मात्र तिला द्यायचं नाही, यातून तीच जुनी वाटणी नव्या नावाने परत येते. मृग बहाराच्या हंगामात कंपनीने एक बदल केला: एका आठवड्यात मॅक्रो ताई चालवतात आणि अडला तर एफ८ दाबत स्वतः शोधतात, आणि इंजिनिअर नरखेडला फोन लावून पावत्यांच्या बेरजा ताडतो, पुढच्या आठवड्यात उलट. ताईंनी फेब्रुवारीत हमालीच्या दराची एक चूक मॅक्रोतूनच शोधली. त्यांचं पद आणि पगार मात्र अजून तेच आहेत, आणि त्याबाबतचा अर्ज व्यवस्थापकांकडे प्रलंबित आहे.